फुंकरीचा अंतरपाट

मोहटोल्याच्या लग्नात अंतरपाट धरला की बाहेरचे पाहुणे आधी हसतात. बाकीच्या गावांत अंतरपाट म्हणजे जाड शाल किंवा दुहेरी उपरणं, नवरा-नवरीनं एकमेकांना पाहू नये म्हणून मधे उभी केलेली भिंत. आमच्याकडे धरतात ते कापड इतकं झिरझिरीत, की पलीकडच्या माणसाच्या मिशीत किती केस पिकलेत तेही कळावं. दोघं जण दोन टोकं धरून उभे असतात आणि मधे काही आहे की नाही अशी शंका येते. वर आणखी एक गंमत. नवरदेवाच्या आधी या कापडामागे गावातला एक म्हातारा पंच येऊन उभा राहतो. कापडावर तांब्यातलं पाणी शिंपडतात. नवरी त्याच्याकडे नीट पाहते आणि मोठ्यानं म्हणते, "दिसते." मग म्हातारा बाजूला होतो, नवरदेव त्याच्या जागी येतो आणि मंगलाष्टकं सुरू होतात.

कापडाचं नाव फुंकरी. फुंकर मारली की हलतं म्हणून. हल्ली पुण्या-मुंबईच्या फॅशनच्या कॉलेजांतली मुलं-मुली ते बघायला येतात. त्या तलम ऑर्गन्झासारखंच आहे म्हणतात, याच्या बाह्या सुंदर होतील म्हणतात, तोंडासमोर धरून फोटो काढतात. काढू द्या. मग त्यांना ग्रामपंचायतीच्या सभागृहात नेतात, चहा पाजतात आणि भिंतीवरचा फलक दाखवतात. फलकावर लिहिलंय, की पूर्वी लहानुजी नावाचे थोर पंच होऊन गेले. त्यांच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, मुलीला नवरा पाहण्याचा हक्क द्या. तेव्हापासून ही प्रथा. फलकाला हार असतो.

देवी कोणाच्या स्वप्नात आली नव्हती. लहानुजीच्या तर नाहीच. त्याच्या स्वप्नात बाजारातले ओटे येत. बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता जी गोष्ट सांगतात ती वेगळी आहे, आणि ती अशी सांगतात.

नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट, म्हणे. मोहटोला चाळीस मागांचं गाव. तळ्याकाठी घरं, घरटी एक माग, चहूकडे धानाची शेतं. गावात चार पंच. चौघे विणकर, चौघे म्हातारे, आणि चौघांत मिळून हुन्नर एकच: खळ. खळ म्हणजे तांदळाची दाट पेज. ती कापडाला चोपडायची, वाळवायची, वरून लाकडी मोगरीनं कुटायचं. मग विरळ कापडही जाड लागतं, हातात कडक वाजतं आणि उन्हासमोर धरलं तरी पलीकडचं काही दिसत नाही. खळीत पाप नाही. थोडी सगळेच देतात. पण हे चौघे निम्मं सूत वाचवायचे आणि उरलेली जागा पेजेनं भरायचे. गिऱ्हाईक खुशीत धोतर घेऊन जाई आणि पहिल्या धुण्यात धोतराची चाळणी होई. याला ते अक्कल म्हणत, आणि पोरांना शिकवत.

अशी अक्कल किती दिवस चालणार? नदीपलीकडच्या बाजाराला कळलंच. बाजार केशवसाव नावाच्या सावजीच्या हातात होता. त्यानं मोहटोल्याचे छपराखालचे चार ओटे काढून घेतले आणि विणकरांना बैल बांधतात त्या जागेमागे, उन्हात आणि शेणात बसवलं. आता शरम वाटायला हवी होती ती लोकांना फसवल्याची. म्हाताऱ्यांना वाटली ती उन्हात बसल्याची. वर्षभर ते एकच रडगाणं गात होते, मोहटोल्याचा मान गेला. मान म्हणजे सावली.

सावजीला एक थोरला भाऊ होता, नथूसाव. साठी उलटलेली, दोन बायका निवर्तलेल्या, आणि तिसरी करायची मनात. हे समजल्यावर चौघे पंच नदी ओलांडून गेले आणि सांगतात, की एका बैठकीत ठरवून परत आले. मोहटोल्यानं नथूसावला मुलगी द्यायची, सावजीनं मोहटोल्याला ओटे द्यायचे. वर चौघांना एकेक नवं पागोटं.

मुलगी कोणाची? चौघांतल्याच एकाची. सोमाजीची बयजा. विशी ओलांडून बसलेली, आणि त्या काळी हे फारच झालं. पण गावात तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता, आणि सोमाजीला घरातला चालता माग बंद करायचा नव्हता. स्थळं आली की तो म्हणायचा, पोर अजून लहान आहे. दहा वर्षं लहान ठेवली. पागोटं दिसलं तसं एका दिवसात तिचं वय त्याच्या ध्यानात आलं.

गावात सांगण्यात आलं, की नवरदेव सावजीचा पुतण्या. पुतण्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. ताडासारखा उंच, सडपातळ, बाजारात वाकून छपराखाली शिरायचा. बायकांनी बयजाला चिडवलं, की सासरी चौकटीला डोकं लागायची भीती नवऱ्याला, तुला नाही. ती हसली. आवडला असेल तिला, नसेलही. ते कोणी विचारलं नव्हतं.

त्या काळी नवरदेवाचे कपडे नवरीच्या घरी तयार होत. त्यासाठी सासरकडून मापाचे दोरे येत, एक उंचीचा, एक कमरेचा. दोरे आले. बयजानं उंचीचा दोरा टाचेखाली दाबला आणि वर ताणला. दुसरं टोक तिच्या कपाळाशी संपलं. कमरेचा दोरा तिनं मागाच्या खांबाला गुंडाळला, तर दोन वेढे होऊन वर वीतभर उरला. विणकराची पोर होती. सूत वाचायला तिला कोणी शिकवावं लागत नव्हतं. असा बुटका आणि असा सुटलेला माणूस त्या घरात एकच होता, आणि त्यालाही सगळ्यांनी बाजारात पाहिलेलं होतं.

ती दोरे घेऊन बापाकडे गेली. म्हणाली, हे माप पुतण्याचं नाही.

सोमाजी दोऱ्यांकडे न बघता म्हणाला, "सुताले काय समजते? तू आपलं काम कर."

नाही म्हणायची सोय नव्हती. ठरलेल्या लग्नाला मुलीनं नकार दिला तर तिच्या घराचा माग वर्षभर बंद, असा पंचांचा नियम होता. आणि एकदा मंगलाष्टकं सुरू झाली की काहीही झालं तरी थांबवायची नाहीत, गावाला दोष लागतो, असा दुसरा. दोन्ही नियम याच म्हाताऱ्यांनी, नाहीतर यांच्या बापांनी केलेले. मुलीला पळायला जिथं जिथं फट होती, तिथं तिथं यांनी धर्म लिंपून ठेवला होता.

घरात बयजाची आत्या होती, पुनाई. तिचं लग्न याच गावात, अशाच जाड अंतरपाटाआड लागलं होतं. कापड खाली आलं तेव्हा समोर खाटेवरून उचलून आणलेला, खोकणारा माणूस होता. दीड वर्षात ती पांढऱ्या कपाळानं माहेरी परतली आणि तेव्हापासून भावाच्या घरी खळ शिजवत होती. बयजा रडून ओरडून सगळ्यांना सांगायला निघाली, तेव्हा पुनाईनं तिला दारात धरलं.

"बोलून पाहू नोको, पोरी. बाईचं बोलनं इथं कोनी आयकत नाही. पन चारचौघाले दिसलं, त मंग कोनाच्या बापाले नाही म्हनता येत नाही."

आता मोहटोल्याची रीत अशी होती, की अंतरपाट नवरीनंच विणायचा. आपल्या डोळ्यांवरची पट्टी आपणच विणायची, आणि ती घट्ट झाली की नाही हे पंचांनी तपासायचं. याला संस्कार म्हणत.

बयजा मागावर बसली. मागाच्या फणीच्या एका घरात जिथं दोन धागे ओवतात, तिथं तिनं एक ओवला, आणि पुढचं घर रिकामं सोडलं. मग पुन्हा एक, पुन्हा रिकामं. विरळ विणणं सोपं असतं असं समजू नका. धागे सरकतात, एका जागी गोळा होतात आणि कापडाचं जाळं होतं. म्हातारे विरळ विणायचे ते चोरून आणि घाईत, म्हणून त्यांची चाळणी व्हायची. बयजानं सुताला असा पीळ दिला की धागा केसाहून बारीक झाला, पण जिथं बसवला तिथून हलला नाही. सतरा दिवस ती विणत होती, असं सांगतात. मागावरून उतरलं तेव्हा ते कापड पुनाईनं तळहातावर पसरलं आणि तिला स्वतःच्या तळव्यावरच्या रेषा दिसल्या.

मग पुनाईनं पेज शिजवली. तीन हात दिले. प्रत्येक हात सावलीत वाळवला, मोगरीनं कुटला, पुन्हा चोपडला. चौथ्या दिवशी कापड पाटासारखं झालं.

पंच तपासायला आले. लहानुजीनं कापड अंगठा आणि बोटाच्या मधे चोळलं. झटकून त्याचा आवाज ऐकला. दारात जाऊन उन्हासमोर धरलं, एक डोळा मिटून पाहिलं. अंधार. बाकी तिघांनीही चोळलं, झटकलं, धरलं. जन्मभर ज्यांनी दुसरं काही केलं नाही, पेजेला कापड म्हणून विकलं, त्या चौघांच्या हाताखालून पेज गेली आणि चौघांनी तिला कापड म्हटलं. चोराला आपलीच युक्ती ओळखू येत नाही, कारण ती दुसऱ्या कोणाला, त्यातून बाईला, जमेल असं त्याला वाटतच नाही. लहानुजी तर म्हणाला, म्हणे, असं घट्ट कापड दहा वर्षांत या गावानं पाहिलं नाही. जाता जाता त्यानं बयजाला बजावलं, की मांडवात मान वर करायची नाही, डोळे जमिनीवर ठेवायचे. एकदा नाही, तीनदा बजावलं. तिला वाटलं, लग्नात सगळ्याच मुलींना सांगतात तसं असेल.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. नथूसावला डोक्यापासून शेल्यात गुंडाळून, चार माणसांच्या गराड्यात मांडवात आणला. लगेच अंतरपाट धरला गेला, म्हणून बायकांना त्याची पावलं तेवढी दिसली. मावळतीचं ऊन त्याच्या पाठीमागून येऊन कापडावर पडलं होतं. त्याच्या मागे मानाच्या जागी चार पंच नवी पागोटी बांधून उभे. सोमाजीही तिथंच. मुलीच्या बाजूला उभं राहायचं ते हा पागोटं मिरवायला तिकडे गेला होता.

अक्षता करायचं काम पुनाईकडे होतं. मोहटोल्यात अक्षता हळदीच्या पाण्यात भिजवतात. त्या दिवशी परातींत तांदळापेक्षा पाणी जास्त होतं. कोणीतरी म्हणालं, आत्याबाई, या तर गळून राहिल्या. पुनाई म्हणाली, असू दे, पोरीचा संसार ओला राहील.

पहिलं मंगलाष्टक झालं. अक्षता पडल्या, कापडावर ठिपके उमटले. दुसऱ्याला ठिपके पसरले. तिसऱ्याला कापडाचं एक टोक धरून उभा असलेला मामा बोटं चोळू लागला. त्याच्या हाताला चिकट काहीतरी लागत होतं. चौथ्याला पेज कापडावरून ओघळायला लागली, आणि जिथून ओघळली तिथं कापड नाहीसं झालं.

लहानुजीनं जन्मभर खळ केली होती. काय होतंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. त्यानं भटजींना खुणा केल्या, आटपा. भटजी भराभर म्हणू लागले. मंगलाष्टकं भराभर संपू लागली तशा अक्षता भराभर पडू लागल्या, आणि अक्षता भराभर पडू लागल्या तसं कापड आणखी भराभर धुतलं जाऊ लागलं. थांबा म्हणायची सोय नव्हती. दोष लागतो, हे त्यानंच सांगून ठेवलेलं.

सातवं संपलं तेव्हा अंतरपाट ओल्या कोळिष्टकासारखा लोंबत होता. अख्ख्या मांडवाला नवरदेव दिसत होता. शेला घसरलेला, गालफडं बसलेली, पोट पुढे. बायकांत कुजबुज झाली. बयजानं मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. ऊन तिच्या तोंडावर होतं.

नथूसाव तिच्या डोळ्यांकडे बघतच राहिला. मग त्यानं एक विचित्र गोष्ट केली. हात वर केला आणि कापडासमोरून सावकाश डावीकडून उजवीकडे नेला. तिची नजर हाताबरोबर गेली. त्यानं परत उलटा नेला. नजर परत आली.

"हिले त दिसते," तो म्हणाला.

मांडवात कोणाला काही समजलं नाही. तो मागे वळला आणि लहानुजीला म्हणाला, "तुमी त आंधळी सांगतली होती."

तेव्हा सगळं बाहेर पडलं. पंचांनी नदीपलीकडे सांगितलं होतं, की मुलगी जन्माची आंधळी आहे, तिला कोणी करत नाही, तुम्ही केलीत तर पुण्य लागेल. तरणी पोर म्हाताऱ्याला का देता असं तिकडे कोणी विचारू नये, आणि वय पाहून मुलगी नाही म्हणेल ही धास्ती नथूसावला राहू नये, एवढी सोय एका खोट्यात झाली होती. मान वर करू नको हे तीनदा का बजावलं, ते बयजाला आता कळलं. ज्या पोरीच्या नजरेवर त्या घराचा माग चालत होता, तिला तिच्या बापानं आंधळी म्हणून दिलं होतं.

बयजा मोठ्यानं ओरडली नाही. ती बोलली ते मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"दिसते," ती म्हणाली. "मले सारं दिसते. हा म्हातारा दिसते. त्याच्या मागं चार नवी पागोटी दिसतात. चौथ्या पागोट्याखाली माहा बाप दिसते, खाली पाहून राहिला."

नथूसावनं मुंडावळ्या काढल्या आणि कापडावर टाकल्या. त्या कापडाला चिकटल्या. भटजींना तो म्हणाला, आठवं म्हणू नका, आणि चालता झाला. काही लोक त्याला आता पुण्यवान ठरवतात. तो पुण्यवान वगैरे नव्हता. आंधळी पोर त्याला चालली असतीच. फसवून घेणं तेवढं चाललं नाही.

म्हाताऱ्यांना वाटलं, दोन दिवस गाव बोलेल आणि विसरेल. आजवर विसरतच आलं होतं. तिसऱ्या दिवशी पुनाईनं भरलेल्या कांड्यांची टोपली लहानुजीच्या दारात उपडी केली आणि घरी जाऊन हात धुतले. माग पुरुष चालवोत की बायका, मागाला लागणाऱ्या कांड्या घराघरांतल्या बायकाच भरायच्या. त्या दिवसापासून गावातल्या एकाही बाईनं कांडी भरली नाही. चाळीस माग गप्प झाले. पंचांनी दटावलं, वाळीत टाकतो म्हणाले. आता चाळीस घरं वाळीत टाकून उरलेल्या चार म्हाताऱ्यांनी कोणाला हुकूम द्यायचे, हा प्रश्न होता. स्वतः कांड्या भरायचा प्रयत्न त्यांनी केला, म्हणे. गुंता झाला.

सोळाव्या दिवशी ते पुनाईच्या पडवीत येऊन बसले. बायकांनी सांगितलं ते असं. इथून पुढे अंतरपाट बयजानं विणला तसाच होईल, आणि त्याला खळीचा थेंब लागणार नाही. खळ नाही याची खात्री म्हणून आधी त्यावर सगळ्यांसमोर पाणी शिंपडायचं. आणि नवरदेवाच्या आधी त्या कापडामागे पंचानं उभं राहायचं. मुलीला सौदा करणारा आधी दिसला पाहिजे, मग सौद्यातला माणूस. तिनं "दिसते" म्हटल्याशिवाय लग्न लागणार नाही, आणि नाही म्हणाली तर तो पंच तसाच उभा राहील.

पुढच्या लग्नाला लहानुजी उभा राहिला. समोर त्याच्या चुलत भावाची नात होती. पोरीनं इतका वेळ पाहिलं, इतका वेळ पाहिलं, की म्हाताऱ्यानंच मान खाली घातली. मग ती म्हणाली, "दिसते." त्यानंतर तो जगला तितकी वर्षं प्रत्येक लग्नात उभा राहिला. दर खेपेला त्याचं तोंड खळ धुतलेल्या कापडासारखं व्हायचं, असं बायका सांगतात.

बयजानं चार वर्षांनी नदीकाठच्या एका रंगाऱ्याशी लग्न केलं. त्याचं माप तिनं स्वतः घेतलं. सोमाजीनं ते पागोटं पुन्हा बांधलं नाही एवढंच कळतं. तिची माफी त्यानं मागितल्याचं कोणी सांगत नाही.

आजही मोहटोल्यात अंतरपाट फुंकरीचाच असतो. माग सात उरलेत. बाहेरच्यांना विकायला मंडळी सुरतेहून पोत्यानं नायलॉन आणतात आणि फुंकरी म्हणून देतात, तेव्हा घेताना जरा पाहून घ्या, लहानुजी मेला असला तरी त्याची अक्कल मेलेली नाही. पण मांडवातलं कापड खरं असतं, कारण ते अजून नवरीच विणते. आजही त्यावर पाणी शिंपडतात आणि आजही आधी पंच उभा राहतो. फक्त ती शिक्षा होती हे पंच विसरलेत. त्यांनी तिचा मान करून टाकलाय. कापडामागे कोणी उभं राहायचं यावरून भांडणं होतात, चिठ्ठ्या टाकतात, उभं राहणाऱ्याला शाल-नारळ मिळतं. गेल्या लग्नात ज्यांचा नंबर लागला ते काका नवी कवळी बसवून आले होते आणि फोटोवाल्याला म्हणाले, जरा या बाजूनं घे.

पाणी शिंपडलं. बायकांपैकी कोणी हसलं नाही. नवरी मान वर करून त्यांच्याकडे पाहत राहिली, बराच वेळ, शिकवल्यासारखी. मग म्हणाली, "दिसते."

काकांनी फेटा सारखा केला. त्यांना वाटलं, फेटा दिसतोय.